ब्रिटनमधलं पहिलं कॉन्ट्रॅक्ट: ‘ऑप्ट आउट’वर सही करायची की नाही?

इंटरव्ह्यू झाला, दुसऱ्या दिवशी रिक्रूटरचा फोन आला, सोमवारपासून काम सुरू. संध्याकाळी ईमेलला जोडून कागद येतात. त्यात कॉन्ट्रॅक्ट असतं, कामाचं वर्णन असतं, बँकेचे तपशील भरायचा फॉर्म असतो, आणि या सगळ्यांच्या मध्ये एक पानभर कागद असतो. त्याचं नाव ‘ऑप्ट आउट नोटीस’. विचारलं तर रिक्रूटर सांगतो, “ते नेहमीचंच आहे, सगळे करतात सही.” हे खरं आहे, बहुतेक जण करतात. मीही माझ्या पहिल्या कॉन्ट्रॅक्टला केली होती, न वाचता.

त्या कॉन्ट्रॅक्टच्या नवव्या आठवड्यात एका सकाळी माझं ॲक्सेस कार्ड गेटवर चालेना. माझ्या मागे आणखी सात-आठ जण तसेच उभे होते. अर्ध्या तासाने कळलं की क्लायंट कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आहे. माझे बेचाळीस दिवसांचे पैसे यायचे होते. डे रेट ४०० पौंड, म्हणजे १६,८०० पौंड, आणि त्यावर व्हॅट. एजन्सीने, म्हणजे मला तिथे पाठवणाऱ्या रिक्रूटरच्या कंपनीने, कॉन्ट्रॅक्टमधल्या एका कलमावर बोट ठेवलं: क्लायंटकडून पैसे मिळाले तरच तुमच्या कंपनीला (म्हणजे मी ज्या स्वतःच्या लिमिटेड कंपनीतर्फे काम करत होतो तिला) पैसे देणं लागू. माझ्या शेजारच्या टेबलावर एक टेस्टर बसायचा, तो दुसऱ्या एजन्सीकडून आला होता. काम तेच, क्लायंट तोच, बुडालेली कंपनी तीच. त्याला सगळे पैसे मिळाले. त्याने तो कागद सही न करता परत पाठवला होता, एवढाच आमच्यात फरक.

गणपतीत महाराष्ट्र मंडळात भेटणारे, नुकतं आयएलआर (ब्रिटनमध्ये कायम राहण्याची परवानगी) मिळवून कायमची नोकरी सोडायचा विचार करणारे कितीतरी जण मला लिमिटेड कंपनी कशी काढायची, अकाउंटंट कोण चांगला, हे विचारतात. या कागदाबद्दल कोणी विचारत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. मी वकील नाही, कॉन्ट्रॅक्टर आहे. रक्कम मोठी असेल किंवा वाद पेटला असेल तर वकिलाचा सल्ला घ्याच.

हा कागद नेमका कशातून बाहेर काढतो?

ब्रिटनमध्ये एम्प्लॉयमेंट एजन्सीज ॲक्ट हा १९७३ चा कायदा आहे. त्याखाली २००३ साली एजन्सींच्या वागणुकीचे नियम आले आणि एप्रिल २००४ पासून ते लागू झाले. बोलताना सगळे त्यांना ‘कंडक्ट रेग्युलेशन्स’ म्हणतात. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सला हे लागू आहेत, उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत. तात्पुरत्या कामासाठी माणसं पुरवणाऱ्या एजन्सीने त्या माणसांशी आणि क्लायंटशी कसं वागायचं, काय करायचं नाही, हे त्यात लिहिलं आहे.

या नियमांतल्या ३२ व्या कलमात एक दार ठेवलं आहे. काम शोधणारी जर कंपनी असेल, म्हणजे तुमची लिमिटेड कंपनी, तर ती कंपनी आणि तिच्यातर्फे प्रत्यक्ष काम करणारी व्यक्ती, असे दोघे मिळून ‘आम्हाला हे नियम लागू नकोत’ असं एजन्सीला लेखी कळवू शकतात. याचंच नाव ऑप्ट आउट. तुम्ही काहीच केलं नाही तर नियम लागू असतात. ‘ऑप्ट इन’ असा काही वेगळा फॉर्म भरावा लागत नाही. संरक्षण आपोआप मिळतं आणि सहीने जातं, हे मनात पक्कं ठेवा. कारण बोलताना रिक्रूटर बरोबर उलटं चित्र उभं करतात, जणू संरक्षण हवं असणं हीच काहीतरी खास मागणी आहे.

याच जुडग्यात आणखी एक ‘ऑप्ट आउट’ सापडतो, आठवड्याला ४८ तासांच्या मर्यादेचा. तो वेगळ्या कायद्याचा आहे, या लेखाशी त्याचा संबंध नाही. दोन्हींना एकच समजून एका सहीत दोन्ही उरकणारे मी पाहिले आहेत. मथळा नीट वाचा.

पहिली पायरी: तुम्हाला हा पर्याय आहे का, ते बघा

स्वतःची लिमिटेड कंपनी असेल तर आहे. अम्ब्रेला कंपनीतर्फे, म्हणजे तुम्हाला नोकरीवर ठेवून तुमचा पगार काढणाऱ्या मधल्या कंपनीतर्फे, काम करत असाल तरीही आहे, कारण एजन्सीच्या दृष्टीने काम शोधणारी कंपनी म्हणजे ती अम्ब्रेला. मात्र तेव्हा अम्ब्रेलाची संमती आणि तुमची स्वतःची संमती, दोन्ही लागतात. अम्ब्रेलाने तुमच्या वतीने परस्पर कळवलं तर ते पुरेसं नाही. एजन्सीच्या पेरोलवर थेट असाल किंवा सोल ट्रेडर (कंपनी न काढता स्वतःच्या नावाने काम करणारे) असाल, तर ऑप्ट आउट करताच येत नाही. तसा फॉर्म कोणी पुढे केला तरी त्याला अर्थ नाही.

लहान मुलं, वृद्ध, आजारी, अपंग अशा ज्यांची काळजी घ्यावी लागते त्यांच्याबरोबरचं काम असेल, तर लिमिटेड कंपनी असूनही बाहेर पडता येत नाही. केअर, शाळा, हॉस्पिटलच्या वॉर्डातली कामं करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल तर मुळात आपल्या कंपनीतर्फे असं कॉन्ट्रॅक्टिंग करण्याची परवानगीच नसते. आयएलआर, नागरिकत्व, डिपेंडंट किंवा ग्रॅज्युएट व्हिसा असेल तर हा प्रश्न तुमच्यासाठी आहे.

दुसरी पायरी: काय सोडतो आहोत ते मोजा

माझ्या मते सगळ्यात जड पारडं १२ व्या कलमाचं आहे. ते सांगतं की तुम्ही काम केलं असेल, तर क्लायंटने पैसे दिले नाहीत या कारणावरून एजन्सीला तुमचे पैसे अडवता येत नाहीत. क्लायंट बुडो, उशीर करो, एजन्सीशी भांडो, तुम्हाला पैसे देणं हे एजन्सीचं काम.

आपल्याकडे कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदा ज्यांना माहीत आहे त्यांना हे उलटं वाटेल. तिथे ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर टाकली होती. इथे मूळ मालकाने, म्हणजे क्लायंटने, पैसे दिले नाहीत तरी मधल्याने द्यायचे. दोन्हीकडे विचार एकच आहे: घाम गाळणाऱ्याने वरच्या दोघांच्या हिशोबात अडकू नये. ब्रिटनमध्ये मात्र एका सहीने तो विचार बाजूला ठेवता येतो.

हे कलम आणखी एक गोष्ट सांगतं. टाइमशीटवर क्लायंटची सही नाही, एवढ्या कारणावरून पैसे रोखता येत नाहीत. एजन्सीने वाजवी वेळ घेऊन स्वतः खात्री करायची की तुम्ही काम केलं की नाही, आणि केलं असेल तर पैसे द्यायचे. मॅनेजर सुट्टीवर गेला आहे, नोकरी सोडून गेला आहे, किंवा शेवटच्या आठवड्यात रागाने सहीच करत नाही, असे प्रसंग दर दोन-तीन वर्षांनी तरी एकदा येतातच. म्हणून मी रोज संध्याकाळी वहीत दोन ओळी लिहितो: कुठल्या तिकिटावर (म्हणजे नोंदवलेल्या कोणत्या कामावर) वेळ दिला, कुणाबरोबर मीटिंग झाली. टाइमशीट अडकलं की ही वही, कोड जमा केल्याच्या नोंदी आणि मीटिंगची निमंत्रणं एकत्र करून पाठवायची. खात्री करायला एजन्सीला याहून जास्त काही लागू नये.

एजन्सीच्या हातातल्या इतर कोणत्याही गोष्टीवरून पैसे अडवणंही याच कलमाने बंद आहे. ‘आमची सिस्टिम बदलते आहे’ हे त्यात आलं.

आता हिशोब करून पाहा. दिवसाला ४५० पौंड, महिन्याचे २१ दिवस, म्हणजे इन्व्हॉइस ९,४५० पौंडांचं. महिनाअखेर इन्व्हॉइस आणि त्यावर तीस दिवसांची मुदत असेल, तर पहिला पैसा हातात पडेपर्यंत दोन महिन्यांचं काम झालेलं असतं. १८,९०० पौंड बाहेर असतात, आणि वर २० टक्के व्हॅट धरला तर २२,६८० पौंड. साध्या पद्धतीने व्हॅट भरत असाल तर हातात न आलेल्या इन्व्हॉइसचा व्हॅटही सरकारला आधी भरावा लागतो. तो बुडीत म्हणून परत मागायला पैसे देय झाल्यापासून सहा महिने थांबावं लागतं. घराचा हप्ता मात्र कोणासाठी थांबत नाही.

या कलमाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. एजन्सीच बुडाली तर ते कामाचं नाही. आणि पैसे किती दिवसांत द्यायचे हे ते ठरवत नाही, ते कॉन्ट्रॅक्टमध्ये ठरतं. मुदत साठ दिवसांची लिहून घेतली तर साठ दिवस थांबावंच लागेल.

दुसरी जड गोष्ट क्लायंटकडे थेट जाण्याची. वर्षभर काम केल्यावर क्लायंट म्हणतो, “आमच्याकडेच कायम या,” किंवा “पुढचं कॉन्ट्रॅक्ट थेट करू.” नियम लागू असतील तर यासाठी क्लायंटकडून फी मागण्याच्या एजन्सीच्या हक्काला कालमर्यादा आहे. काम सुरू झाल्यापासून १४ आठवडे किंवा काम संपल्यापासून ८ आठवडे, यातली जी तारीख नंतर येईल तिच्यापर्यंतच. शिवाय फीऐवजी ठरावीक मुदतीसाठी एजन्सीमार्फतच पुढे ठेवण्याचा पर्याय क्लायंटला द्यावा लागतो. आणि तुम्ही दुसरीकडे काम घेतलं म्हणून तुमचं नुकसान करणं किंवा तुम्ही पुढे कुठे जाणार ते सांगण्याची सक्ती करणं, हे सहाव्या कलमाने एजन्सीला मना आहे.

ऑप्ट आउट केलात की ही चौकट उठते. मग कॉन्ट्रॅक्टमध्ये सहा महिन्यांची, कधी बारा महिन्यांची बंदी असते: या क्लायंटसाठी थेट काम करायचं नाही. अशी बंदी अवाजवी असेल तर तिच्याविरुद्ध सर्वसाधारण कायद्याने लढता येतं, पण लढावं लागतं. क्लायंटची लीगल टीम त्या भानगडीत पडत नाही, ते दुसरा माणूस बघतात.

बाकीचं थोडक्यात. काम सुरू होण्याआधी अटी लेखी ठरलेल्या असणं. क्लायंट कोण, काम काय, कुठे, किती तास, किती दिवस, सुरक्षेचे धोके कोणते, हे एजन्सीने कळवणं. ‘आमच्याच अकाउंटंटकडे जा, आमचाच विमा घ्या’ अशी अट न घालणं. आणि एप्रिल २०२० पासून, पैसे कोण देणार आणि त्यातून काय कापलं जाणार हे सांगणारं एका नजरेत वाचता येणारं पत्रक. यातलं शेवटचं अम्ब्रेलावाल्यांना फार उपयोगी आहे. जाहिरातीतला डे रेट आणि हातात पडणारी रक्कम यांतली दरी त्यात आधीच दिसते.

नियमांविरुद्धचं कलम कॉन्ट्रॅक्टमध्ये घुसवलं तर ते अंमलात आणता येत नाही, आणि नियमभंगाने झालेलं नुकसान दिवाणी दाव्याने मागता येतं. म्हणजे दात असलेले नियम आहेत.

तिसरी पायरी: तुम्हाला दिलेली कारणं तपासा

एजन्सीला ऑप्ट आउट का हवं असतं, हे वरचं वाचल्यावर वेगळं सांगायला नको. क्लायंट बुडण्याचा धोका तिच्याकडून तुमच्याकडे सरकतो. व्यवसाय म्हणून तिला तसं वाटणं स्वाभाविक आहे. पण तुम्हाला सांगितलं जाणारं कारण सहसा वेगळं असतं, आणि ते एकच असतं: “नाहीतर तुम्ही आयआर ३५ मध्ये अडकाल.”

हा गैरसमज फार खोल रुजला आहे, म्हणून जरा थांबून बघू. आयआर ३५ हे २००० सालापासूनचे कराचे नियम. कंपनीच्या आडून तुम्ही खरं तर क्लायंटचे नोकरच आहात का, हे त्यात तपासतात. बदली माणूस पाठवता येतो का, काम कसं करायचं हे कोण ठरवतं, काम देण्या-घेण्याचं बंधन आहे का, यांवर ते ठरतं. सरकारी क्षेत्रात एप्रिल २०१७ पासून, आणि खाजगी क्षेत्रात क्लायंट मध्यम किंवा मोठा असेल तर एप्रिल २०२१ पासून, हा निर्णय क्लायंटच करतो आणि लेखी देतो.

या शंकेचं मूळ असं. १९७३ च्या कायद्यात तात्पुरती माणसं पुरवणाऱ्या एजन्सीची व्याख्या करताना ‘दुसऱ्याच्या नियंत्रणाखाली’ काम करणारी माणसं असे शब्द आहेत. त्यावरून तर्क निघाला की नियम लागू ठेवले म्हणजे आपण क्लायंटच्या नियंत्रणाखाली आहोत असं कबूल केलं. पण एखाद्या नियमातून बाहेर न पडणं ही कबुली होत नाही. नियंत्रण आहे की नाही हे प्रत्यक्ष काम कसं चालतं त्यावरून बघतात. एचएमआरसीच्या, म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याच्या, स्टेटस तपासायच्या ऑनलाइन साधनात कामाबद्दल बरेच प्रश्न आहेत, तुम्ही ऑप्ट आउट केलं का हा प्रश्न त्यात नाही. आणि तुमचं कॉन्ट्रॅक्ट आधीच ‘इनसाइड’, म्हणजे आयआर ३५ लागू होणारं, ठरलेलं असेल, तर या कारणासाठी ऑप्ट आउट करण्यात काहीच राम नाही. करही नोकरासारखा भरायचा आणि संरक्षणही सोडायचं, हे कशासाठी?

तुम्ही ‘आउटसाइड’, म्हणजे आयआर ३५ च्या बाहेर, असाल, क्लायंट लहान असेल आणि निर्णय तुमच्याच कंपनीवर असेल, तर मनाच्या शांतीसाठी कॉन्ट्रॅक्ट आणि प्रत्यक्ष कामाची पद्धत जाणकाराकडून तपासून घ्या. त्या तपासणीचे पैसे या फॉर्मवरच्या सहीपेक्षा कितीतरी जास्त कामाला येतात.

दुसरं कारण सांगतात ते कागदपत्रांचं: “ऑप्ट आउट केलं नाही तर भरपूर तपासण्या कराव्या लागतील.” ओळख, अनुभव आणि कामाला लागणारी पात्रता यांची खात्री एजन्सीने करायची असते, हे खरं. पण पासपोर्टची प्रत आणि सीव्ही तुम्ही एरवीही देताच. बँकेचं किंवा सरकारी काम असेल तर क्लायंटच्या तपासण्या याहून कडक असतात.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. एजन्सी वर्कर्स रेग्युलेशन्स हे ऑक्टोबर २०११ पासूनचे निराळे नियम आहेत. १२ आठवड्यांनंतर कायम नोकरांसारख्या मूलभूत अटी मिळण्याचा हक्क त्यातून येतो. तो हक्क तुम्हाला लागू आहे की नाही हे तुमच्या कामाच्या स्वरूपावर ठरतं, या फॉर्मने तो जात नाही. जातो असं कोणी सांगितलं तर मानू नका.

चौथी पायरी: तारीख बघा

माझं सगळ्यात जास्त नुकसान इथे झालं. ऑप्ट आउटची नोटीस, तुम्हाला क्लायंटकडे ‘सादर’ करण्याआधी किंवा कामावर पाठवण्याआधी एजन्सीकडे पोचायला हवी. आता माझ्यासारखा क्रम बघा: एजन्सीने क्लायंटला सीव्ही पाठवला, फोनवर बोलणं झालं, इंटरव्ह्यू झाला, निवड झाली, आणि मग फॉर्म आला. क्लायंटसमोर मी केव्हाच उभा राहिलो होतो. त्यानंतर दिलेली नोटीस उशिराची आहे, म्हणून ती लागू होत नाही, असा दावा करायला जागा असते. एजन्सी म्हणेल की काम सुरू होण्याआधी दिली तेवढं पुरे. या मुद्द्यावर दोन्ही बाजूंनी वाद घातला जातो, म्हणून त्यावर निश्चिंत होऊन सही करू नका. पण सही आधीच झाली असेल आणि पैसे अडकले असतील, तर तुमच्या वकिलाला सगळ्यात आधी या तारखा दाखवा.

मला हे कुठल्याशा वेगळ्याच कामासाठी नियम वाचताना कळलं. तोवर इंग्लंडमधली येणं वसूल करायची सहा वर्षांची मुदत उलटून गेली होती. त्या रात्री मी जुना फॉर्म फाइलमधून काढून बघितला. इंटरव्ह्यू मंगळवारी झाला होता, माझ्या सहीखाली शुक्रवारची तारीख होती. आणखी एक दिसलं: सही एकच होती, डायरेक्टर म्हणून. व्यक्ती म्हणून माझी वेगळी सही कुठेच नव्हती. संमती दोघांची लागते, कंपनीची आणि काम करणाऱ्याची, मग कंपनीत माणूस एकच का असेना. तुमच्या फॉर्मवर किती सह्या आहेत ते आजच बघून ठेवा.

काही कॉन्ट्रॅक्टमध्ये वेगळा फॉर्मच नसतो. आत कुठेतरी बाराव्या पानावर लिहिलेलं असतं की पुरवठादाराने नियमांतून बाहेर पडण्याचं कळवलेलं आहे असं मानलं जाईल. तुम्ही कळवलेलं नसेल, तर ते वाक्य खोडायला सांगा. शोधताना ‘कंडक्ट’, ‘२००३’ आणि ‘रेग्युलेशन ३२’ हे तीन शब्द फाइलमध्ये टाकून बघा, लगेच सापडतं.

पाचवी पायरी: नाही म्हणायचं ते लेखी म्हणा

ऑप्ट आउट केलं तरच काम शोधून देऊ, अशी अट एजन्सीला घालता येत नाही. हे त्याच ३२ व्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे. व्यवहारात रिक्रूटर असं ईमेलमध्ये लिहीत नाही, फोनवर सुचवतो. म्हणून फोन आल्यावर वाद घालू नका, “बघून कळवतो” म्हणा आणि ईमेल करा. मी पाठवतो त्या ईमेलचा आशय असा असतो: ‘कागद मिळाले, धन्यवाद. माझी कंपनी आणि मी २००३ च्या नियमांतून बाहेर पडणार नाही. ऑप्ट आउटची नोटीस सही न करता परत पाठवतो आहे. त्याप्रमाणे बदललेलं कॉन्ट्रॅक्ट पाठवावं. सोमवारी सुरू करायला मी तयार आहे.’ एवढंच. कारण देऊ नका, कारण दिलं की चर्चा सुरू होते. शेवटचं वाक्य मात्र ठेवा, त्यातून तुम्ही अडवणूक करत नाही हे कळतं.

बहुतेक एजन्सींकडे कॉन्ट्रॅक्टचे दोन मसुदे तयार असतात, एक बाहेर पडलेल्यांसाठी आणि एक न पडलेल्यांसाठी. मला दुसरा मसुदा साधारण दोन दिवसांत आला आहे, रेट तोच. एकदा रिक्रूटरने फोनवर चिडून “मग क्लायंट दुसऱ्याला घेईल” असं सुनावलं. मी लगेच ईमेल केला: ‘आत्ताच्या आपल्या बोलण्याप्रमाणे, सही केली नाही तर हे काम मिळणार नाही असं आपण म्हणालात, हे बरोबर समजलो ना?’ उत्तर आलं की तसं म्हणायचं नव्हतं, आणि सोबत कॉन्ट्रॅक्ट आलं.

दर वेळी असं होईलच याची हमी मी देणार नाही. काम हातातून जाऊ शकतं, आणि सहीमुळेच गेलं हे सिद्ध करणं कठीण असतं. घरात एकट्याचीच कमाई असेल आणि चार महिने काम नसेल, तर सही करणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण मग ती सही पुढच्या पायरीतल्या गोष्टी मागून करावी. तक्रार करायची तर सरकारी एम्प्लॉयमेंट एजन्सी स्टँडर्ड्स इन्स्पेक्टोरेट बरीच वर्षं हे काम पाहत आलं. २०२५ च्या एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्टने हे काम फेअर वर्क एजन्सी या नव्या संस्थेकडे सोपवलं आहे. तक्रार करताना वरच्यासारखे ईमेल हाताशी असले की बोलणं सोपं जातं.

सहावी पायरी: ऑप्ट आउट करायचंच ठरलं, तर

अशी माणसं आहेत ज्यांना ते परवडतं. क्लायंट मोठा आणि भक्कम, कॉन्ट्रॅक्ट छोटं, पैसे आठवड्याला, खात्यात सहा महिन्यांची गंगाजळी. माझा एक मित्र त्याबदल्यात दिवसाला २५ पौंड वाढवून घेतो, आणि तो त्याचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. फुकट सही करू नका एवढंच.

मागायचं ते कॉन्ट्रॅक्टमध्येच लिहून घ्या. सगळ्यात आधी, ‘क्लायंटने पैसे दिले तरच’ हे कलम काढून घ्या. नियम गेले तरी कॉन्ट्रॅक्टने तेच संरक्षण परत आणता येतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. मग इन्व्हॉइस महिन्याऐवजी आठवड्याला करून घ्या आणि मुदत सात किंवा चौदा दिवसांची ठेवा, म्हणजे बुडालं तरी तीन आठवड्यांचं बुडेल, दोन महिन्यांचं नाही. टाइमशीटवर अमुक दिवसांत क्लायंटने हरकत घेतली नाही तर ते मान्य झालं, असं वाक्य टाका. थेट कामाची बंदी तीन महिन्यांच्या पुढे जाऊ देऊ नका, आणि ती फक्त तुम्ही ज्या विभागात काम केलं त्यापुरती ठेवा. मोठ्या बँकेच्या सगळ्या शाखांचं दार वर्षभर बंद करून घेऊ नका.

उशिरा येणाऱ्या पैशांवर व्याज मागण्याचा हक्क ऑप्ट आउट केल्यावरही राहतो. १९९८ च्या कायद्याप्रमाणे बँक ऑफ इंग्लंडच्या मूळ दरावर आठ टक्के, आणि शिवाय ठरावीक भरपाई: देणं हजार पौंडांच्या आत असेल तर ४० पौंड, दहा हजारांच्या आत ७०, त्यापुढे १००. पण हा हक्क पैसे ‘देय’ झाल्यावरच सुरू होतो. क्लायंटने दिले तरच देय, असं लिहून बसलात तर व्याज मोजायला सुरुवातच होत नाही. त्या एका कलमावर सगळा भार आहे तो असा.

सातवी पायरी: सही होऊन गेली असेल तर

नोटीस मागे घेता येते, पुन्हा लेखी कळवून. मात्र त्या क्लायंटकडे काम चालू असेल, तर त्या जागेवरचं काम संपेपर्यंत माघार लागू होत नाही. त्याच जागेवर मुदतवाढ मिळत गेली तर जुनी सही तुमच्याबरोबर चालत राहते. म्हणून चालू कॉन्ट्रॅक्टपुरता हिशोब करा: आज या क्षणी माझे किती पैसे बाहेर आहेत, आणि क्लायंट कसा चालला आहे. कंपनीज हाउसच्या (कंपन्यांची नोंदणी ठेवणाऱ्या सरकारी कचेरीच्या) वेबसाइटवर क्लायंटचे आणि एजन्सीचेही हिशोब फुकट बघता येतात. हिशोब वेळेवर दाखल केलेले नसतील तर तेही तिथेच दिसतं. मी दर तिमाहीला दोघांची पानं उघडतो, पाच मिनिटं लागतात. मुदतवाढीची वेळ हीच अटी बदलून घ्यायची वेळ, कारण तेव्हा क्लायंटला तुम्ही हवे असता. आठवड्याचं इन्व्हॉइस तेव्हा मागा.

पुढच्या कॉन्ट्रॅक्टसाठी मात्र आत्ताच, कुठल्याही एजन्सीला सीव्ही पाठवताना, ईमेलच्या शेवटी एक ओळ जोडायला लागा: ‘माझी कंपनी आणि मी २००३ च्या नियमांतून ऑप्ट आउट केलेलं नाही.’ माझ्या सहीच्या मजकुरातच ती ओळ आहे, फोन नंबरच्या खाली.